सौंदड शोधायचं कसं?

वरून पाहिलं तर सौंदड सापडायला अवघड जाऊ नये. मुंबई-कोलकाता महामार्ग, जुना सहा नंबरचा आणि आताचा त्रेपन्न, साकोलीवरून पूर्वेकडे येतो आणि कोहमारा-देवरीच्या दिशेने निघून जातो. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग उत्तरेकडून खाली उतरतो. दोघांची फुली पडते ती सौंदडला. अशी फुली मिळाली की वैमानिक खूश होतो. नुसता रस्ता किंवा नुसता रूळ एवढंच सांगतो की तू माझ्यावर कुठेतरी आहेस. फुली जागा सांगते.

तलावांचं मात्र उलट. गोंदिया-भंडाऱ्याची सगळी शान तलावांत, आणि आकाशातून बघणाऱ्याला सगळ्यात जास्त फसवणारे तेच. मालगुजारी तलाव, बोड्या, बांध्यांत साचलेलं पाणी, नुसता पसारा. पावसाळा संपताना सगळे फुगलेले, मे महिन्यात अर्धेमुर्धे आटलेले. नकाशातला निळा ठिपका खाली शोधायला जावं तर तसे पाच दिसतात, आणि माणूस आपल्याला हवा तो निवडून मोकळा होतो.

या फुलीपासून जवळच, एका घराच्या छपरीत मी एक वाद ऐकला. मामा हवाई दलातून नेव्हिगेटर म्हणून निवृत्त झालेले, आता धानाची शेती करतात. भाची गोंदियाजवळच्या बिरसीला उड्डाण शिकते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेल्या त्या धावपट्टीवर आता राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेची डीए-४० विमानं चढत-उतरत असतात. तिला एकटीने क्रॉस-कंट्री करायची होती आणि नकाशावर तिने सौंदडभोवती पेन्सिलीने गोल केला होता. म्हातारा होकायंत्राची बाजू घेणार आणि पोर उपग्रहाची, अशी माझी समजूत. झालं भलतंच.

मामाजी : पेन्सिल ठेव खाली. तुझ्या विमानात पडदा आहे ना मोठा? त्यात सौंदड टाक, जांभळी रेघ येते, तिच्यावरून ये.

भाची : इन्स्ट्रक्टर तो पडदा झाकून बसवतात, मामाजी. नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र, बस. आणि मला ते पटतं. उपग्रह माझा नाही. वीज गेली, अँटेना बिघडली, कुणी खोटा संदेश सोडला की संपलं. होकायंत्राला काही लागत नाही.

मामाजी : हे तुला पटतं कारण तुला अजून त्याच्यावर जगावं लागलं नाही. मी एएन-१२ च्या नाकात बसायचो. पुढे काच, खाली काच. लोक म्हणायचे, काय नशीब आहे, सगळा हिमालय दिसत असेल! ढगात शिरलं की ती काच पांढरी, रात्री काळी. मग आमच्याजवळ उरायचं काय? घड्याळ, दिशा, हवेतला वेग आणि वाऱ्याचा अंदाज. त्या चारांवरून कागदावर रेघ ओढायची आणि तोंड वर करून सांगायचं, आपण इथे आहोत. डेड रेकनिंग म्हणतात त्याला. ते काम यंत्राने काढून घेतलं, बरं झालं. मी पेढे वाटले असते.

मला यातलं फारसं कळत नव्हतं. तिने माझ्यासाठी बिरसी ते सौंदड मांडून दाखवलं, आणि ते इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

समजा अंतर तीस मैल. हे मैल नॉटिकल. अक्षांशाच्या एका अंशात साठ कला, आणि एक कला म्हणजे एक नॉटिकल मैल, १,८५२ मीटर. म्हणून अंतर मोजायला वेगळी पट्टी लागत नाही, नकाशाच्या उभ्या कडेवरच्या खुणा पुरतात. समजा दिशा २०५ अंश, म्हणजे दक्षिणेहून थोडी पश्चिमेकडे. विमानाचा हवेतला वेग १२० नॉट, मिनिटाला दोन मैल. पंधरा मिनिटांत सौंदड. गणित इथे संपायला हवं होतं, पण विमान जमिनीला धरून चालत नाही. ते हवेत चालतं आणि हवा स्वतः कुठेतरी चाललेली असते. उन्हाळ्यातला पश्चिम-वायव्येचा वारा उजव्या अंगाने काटकोनात येतोय आणि त्याचा वेग २० नॉट आहे असं धरा. विमानाचं नाक २०५ वर ठेवून पंधरा मिनिटं गेलात तर तेवढ्या वेळात वाऱ्याने तुम्हाला पाच मैल डावीकडे नेलं. नऊ किलोमीटरहून जास्त. खाली एक गाव असेलही. ते सौंदड नसेल.

म्हणून नाकाची दिशा वेगळी आणि जमिनीवरची वाट वेगळी. पहिलीला हेडिंग म्हणतात, दुसरीला ट्रॅक. नाक वाऱ्याकडे वळवून ठेवायचं म्हणजे वाट सरळ राहते. किती वळवायचं? वाऱ्याच्या वेगाला विमानाच्या वेगाने भागायचं, साठाने गुणायचं. वीस भागिले एकशेवीस, गुणिले साठ : दहा अंश. तेव्हा हेडिंग २१५.

भाची : साठाचा हा नियम पाठ असला की डोक्यात नकाशा चालतो. साठ मैलांवर एक अंश चुकला तर एक मैल बाजूला. उलटही तसंच. समजा निम्म्या वाटेवर, पंधरा मैलांवर, मी खाली पाहिलं आणि दोन मैल डावीकडे सरकलेली निघाले. दोन भागिले पंधरा गुणिले साठ, आठ अंशांची चूक.

मामाजी : मग किती वळशील?

भाची : आठ अंश उजवीकडे वळले तर रेघेला समांतर जाईन, सौंदड डावीकडे राहणार नाही, उजवीकडे दोन मैलांवरून निघून जाईल. उरलेल्या पंधरा मैलांत ते दोन मैल भरून काढायला आणखी आठ. एकूण सोळा.

मामाजी : बरोबर. आता सांग, तो वीस नॉटचा वारा तुला कुणी सांगितला?

भाची : हवामान खात्याचा अंदाज असतो.

मामाजी : अंदाज! म्हणजे तुझा तो सगळा सुंदर त्रिकोण एका अंदाजावर उभा. वारा तीस निघाला तर? दिशा तीस अंशांनी फिरली तर? तीस मैलांत निभावून जाईल, तीनशे मैलांत नाही. वाऱ्यात दहा नॉटची चूक झाली की तासाला दहा मैल. आणि गंमत अशी की हातातल्या कागदावरची रेघ तेवढीच ठाम दिसते, पहिल्या मिनिटाला आणि नव्वदाव्या मिनिटाला.

इथे ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग १९६८ सालाबद्दल बोलले. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला हवाई दलाचं एएन-१२ चंदीगडहून लेहला निघालं होतं, आत १०२ माणसं. हवामान बिघडलं म्हणून विमान परत फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. पहिले अवशेष सापडले २००३ मध्ये, तेही गिर्यारोहकांना. २०२४ मध्ये आणखी चार जवानांचे मृतदेह बर्फातून निघाले. मामा तेव्हा भरतीही झाले नव्हते, पण पुढे त्याच जातीच्या विमानात त्याच डोंगरांवरून गेले.

मामाजी : आत काय झालं ते आता कुणी सांगू शकत नाही आणि मी सांगणार नाही. पण ते कुठे पडलं हे कळायला पस्तीस वर्षं लागली. रोहतांगला पाच मैलांची चूक म्हणजे एक दरी सोडून दुसरी दरी. तुझ्या नकाशा-घड्याळाचं प्रेम मला काहून पटत नाही, ते यावरून समज.

भाची : आणि २०१६ चं एएन-३२? तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं, २९ माणसं. तेव्हा उपग्रह होते. ते समुद्राच्या तळाशी दिसलं २०२४ मध्ये.

मामाजी : ती गोष्ट निराळी. विमानाला स्वतःचा ठाव माहीत असणं एक, जमिनीला तो कळणं दुसरं.

मला हे उत्तर पळवाटीसारखं वाटलं, पण ते खरं आहे. नेव्हिगेशन आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर्तमानपत्रांत त्यांचा नेहमी घोळ होतो.

भाचीने मग होकायंत्राची बाजू लावून धरली. न बिघडणारं, न थकणारं, चारशे रुपयांचं असो की चार लाखांचं, उत्तर तेच. मामांनी तिला मध्येच थांबवलं.

मामाजी : पूर्वेला चालली आहेस, आणि वेग वाढवलास. होकायंत्र काय दाखवतं?

भाची : उत्तरेला वळल्यासारखं. वेग कमी केला की दक्षिणेला.

मामाजी : विमान सरळ चाललंय तरी! आणि उत्तरेला वळताना ते मागे राहतं, दक्षिणेला वळताना पुढे पळतं. का, तर चुंबकीय सुई नुसती उत्तरेकडे ओढली जात नाही, जमिनीकडेही ओढली जाते. तुझं ते प्रामाणिक यंत्र फक्त सरळ आणि एकसारख्या वेगात प्रामाणिक असतं.

भाची : दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं होतं. आणि विषुववृत्ताजवळ नसतंच जवळपास.

मामाजी : चुंबकीय विषुववृत्ताजवळ म्हण. ते आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. थुंबाला १९६३ मध्ये पहिलं रॉकेट सोडलं ते त्याच कारणाने तिथून. आणखी एक ऐक. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांत जो फरक असतो, तो आपल्या विदर्भात जवळजवळ नाहीच. नकाशावरची दिशा मोजली आणि तीच होकायंत्रावर ठेवली तरी चालून जातं. म्हणून इथे शिकलेल्यांना हा विषय फक्त परीक्षेपुरता येतो. तुझ्याच बॅचची कुणी पोर उद्या ऑकलंडला उडायला गेली तर तिथे तो फरक वीस अंशांच्या घरात आहे. साठाचा नियम लाव.

भाची : साठ मैलांत वीस मैल बाजूला.

मामाजी : समुद्रात.

हा मुद्दा मला फार आवडला. एखाद्या ठिकाणचं भाग्य तिथल्या विद्यार्थ्याला आंधळं करतं, आणि अभ्यासक्रमात ते कुठे लिहिलेलं नसतं.

नकाशाबद्दल बोलताना दोघांचं थोडा वेळ जुळलं. भूमापनाची मोठी त्रिकोणी साखळी ओढणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला आणि तिथेच पुरला गेला. त्याने सुरू केलेल्या मोजणीतून पुढे पृथ्वीच्या आकाराचं जे माप ठरलं, एव्हरेस्टच्या नावाचं, त्यावर भारताचे नकाशे काढले गेले. उपग्रहवाल्यांची पृथ्वी वेगळ्या मापाची आहे. एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींनी लिहिले तर आपल्याकडे शंभराहून जास्त मीटरचा फरक पडतो. विहीर जागची हलत नाही. म्हणून जुन्या नकाशातले आकडे काढून नव्या यंत्रात घालणाऱ्याने आधी विचारायचं, हे आकडे कुठल्या पृथ्वीचे?

मग रेडिओवर गाडी आली. मामांच्या लहानपणी रात्री सौंदडच्या बाजूने कलकत्त्याचं डाकविमान जायचं. १९४९ मध्ये सुरू झालेली ती रात्रीची विमानटपाल : मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमानं निघायची, नागपूरला रात्री एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत फिरायची. ज्याने पत्र टाकलं त्याला याची खबरही नसायची.

भाची : बघा! डाकोटा विमानं. उपग्रह नव्हता, संगणक नव्हता. आणि चार दिशांनी येऊन एका धावपट्टीवर वेळेत उतरत होती.

मामाजी : रेडिओ बीकन होता ना खाली. विमानातली सुई बीकनकडे बोट दाखवायची. छान होतं ते. फक्त पावसाळ्यात वीज कडाडली की सुई बीकन सोडून विजेकडे वळायची. म्हणजे ज्या ढगापासून पळायचं त्याच्याकडे बोट. तू जुन्या काळाची फक्त चांगली बाजू ऐकून आलीस.

भाची : आणि तुम्ही नव्याची. सरकारने संसदेत सांगितलं, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या विमानतळाजवळही तक्रारी आल्या. जॅमिंग झालं तर निदान पडदा सांगतो की संदेश नाही. स्पूफिंगमध्ये पडदा हसतमुखाने खोटी जागा दाखवतो. घड्याळसुद्धा चुकवतो. डोंगर नसताना ‘वर घ्या’ म्हणून यंत्र ओरडतं, आणि असं चार वेळा ओरडलं की पाचव्यांदा खरा डोंगर असला तरी कुणी ऐकणार नाही.

मामाजी : म्हणून तर व्हीओआर, डीएमई, आयएलएस ही जमिनीवरची यंत्रं अजून ठेवली आहेत. आणि जडत्वावर चालणारं यंत्र मोठ्या विमानात असतं, त्याला बाहेरचं काही लागतच नाही.

भाची : ते तासाला मैल-दीड मैल सरकत जातं.

मामाजी : सरकतं ना. पण सांगून सरकतं.

हे शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण मला वाटतं त्यांचं सगळं म्हणणं त्यात होतं. पुढच्या तासाभरात मी ते हळूहळू समजून घेतलं. त्याआधी भाचीने आपला हुकमी पत्ता काढला.

ब्राझीलमधली गोष्ट. ३ सप्टेंबर १९८९, वारिग कंपनीचं बोइंग ७३७, माराबाहून बेलेमला. दिशा हवी होती सत्तावीस अंश, म्हणजे उत्तर-ईशान्य. कंपनीच्या नव्या पद्धतीत शेवटचा अंक दशांशाचा, त्यामुळे कागदावर छापलं होतं ०२७०. कप्तानाने यंत्रात भरलं २७०. म्हणजे थेट पश्चिम. सहवैमानिकाने कप्तानाचं बघून आपलं यंत्र तसंच लावलं. विमान तासन् तास ॲमेझॉनच्या जंगलावरून गेलं आणि इंधन संपल्यावर रात्री झाडांवर उतरलं. चोपन्न माणसं होती, बहुतेक वाचली, काही गेली.

भाची : आणि विमान निघालं संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. पश्चिमेला चाललं होतं, मामाजी. मावळता सूर्य समोरच्या काचेत होता! सत्तावीस अंशांवर असते तर तो डाव्या हाताला, मागच्या बाजूला असायला हवा. सौंदडच्या बांध्यावरची कुठलीही बाई बघून म्हणाली असती, बाप्पा, हे तर उलटं चाललं. म्हणून मला होकायंत्र, सूर्य, नकाशा हवा. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा.

मामाजी : होकायंत्र तर त्यांच्याही समोर होतं. तेही २७० दाखवत होतं, आणि अगदी खरं दाखवत होतं. होकायंत्राने वाचवलं का? आज तोच कप्तान तुझ्या त्या पडद्यासमोर असता तर बेलेम उजवीकडे मागे राहिलेलं पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं. तुझी गोष्ट माझ्या बाजूची आहे.

भाची : सूर्य?

मामाजी : सूर्य माझ्याही बाजूचा आहे. त्याला मी यंत्रच समजतो. इकडे दे तो कागद.

त्यांनी तिची पेन्सिल घेतली. तिच्या नकाशावर बिरसी-सौंदड रेघेवर पाच-पाच मिनिटांच्या खुणा होत्या, प्रत्येक खूण म्हणजे एक बारीक आडवी रेघ. त्यांनी पहिल्या खुणेभोवती शेंगदाण्याएवढं वर्तुळ काढलं, दुसरीभोवती त्याहून मोठं, तिसरीभोवती इतकं मोठं की सौंदडबरोबर शेजारची दोन गावं त्यात आली.

मामाजी : तुम्ही पोरं ठिपक्यावर भांडता. ठिपका नकाशाने दिला की उपग्रहाने. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ठिपका काढणारा नेव्हिगेटर अर्धा, वर्तुळ काढणारा पुरा. मी इथे आहे असं म्हणायचं नाही. मी या वर्तुळात कुठेतरी आहे असं म्हणायचं. वेळ गेला की वर्तुळ वाढतं. खाली खात्रीची खूण दिसली की ते आवळतं. ताऱ्याची एक रेघ मिळाली की एका बाजूने चपटं होतं. विमानाला धोका केव्हा? वर्तुळ मोठं असताना नाही. वर्तुळ मोठं आहे आणि तू ते लहान समजतेस तेव्हा. आता सांग, तुझ्या पडद्यावर वर्तुळ कुठे आहे?

भाची : पडद्यावर विमानाचं चित्र असतं फक्त.

मामाजी : आत कुठेतरी असेल.

भाची : उपग्रहांचं एक पान आहे. ईपीयू म्हणून आकडा असतो, जागेत किती चूक असू शकते त्याचा. जागा काढायला चार उपग्रह लागतात, त्यातला एखादा खोटं बोलतोय हे ओळखायला पाचवा, आणि खोटं बोलणाऱ्याला बाहेर काढायला सहावा.

मामाजी : ते पान किती वेळा उघडतेस?

भाची काही बोलली नाही. तिच्या बाजूने मीच सांगतो, कुणीच उघडत नसावं. चित्र इतकं रेखीव असतं की त्याच्या पोटात चूक किती असू शकते याचाही आकडा आहे याची आठवणच होत नाही. पण मामांची बाजूही पुरती टिकली असं मला वाटलं नाही. ते यंत्राचे भक्त म्हणून सुरू झाले आणि शेवटी ज्या गोष्टीचा आग्रह धरत होते ती त्या पेन्सिलीशिवाय आली नसती. वर्तुळ वाढताना बघायची सवय हाताला लागते ती वारा चुकल्यावर. भाचीने नेमकं तेच पकडलं.

भाची : म्हणजे पडदा झाकून शिकवतात ते बरोबरच आहे. मला वर्तुळ कळावं म्हणून.

मामाजी : शिकायला बरोबर. जन्मभर त्याचा अभिमान बाळगायला नाही. बरं, आता सौंदड. पंधराव्या मिनिटाला महामार्ग खाली आला, वर्तुळ एवढं मोठं आहे आणि फुली दिसत नाही. धुरकट हवा आहे. काय करशील?

भाची : शोधेन. फेरी मारेन.

मामाजी : कुठल्या बाजूला? उजवीकडे की डावीकडे? चुकीच्या बाजूला वळलीस तर सौंदडपासून लांब चाललीस आणि इंधन गेलं. यालाच हरवणं म्हणतात. माणूस अनोळखी जागी हरवत नाही, दोन सारख्या बाजूंमध्ये हरवतो.

मग त्यांनी चिचेस्टरची युक्ती सांगितली. फ्रान्सिस चिचेस्टरने १९३१ मध्ये एकट्याने, तरंगत्या पायांच्या जिप्सी मॉथ विमानातून न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे टास्मान समुद्र ओलांडला. वाटेत इंधनासाठी नॉरफोक आणि लॉर्ड हाउ ही दोन चिमुकली बेटं गाठणं भाग होतं, चुकलं की पाण्यात. तो बेटावर नेम धरून उडालाच नाही. ठरवून एका बाजूला उडाला, इतका बाजूला की चूक झाली तरी बेट कुठल्या हाताला आहे याबद्दल शंका उरू नये. सूर्याची उंची मोजून बेटातून जाणाऱ्या रेघेवर आपण आलो हे कळलं की त्या बाजूला वळायचं आणि रेघेवरून चालत राहायचं. बेट येतंच.

मामाजी : तुझी रेघ म्हणजे महामार्ग. सौंदडवर नेम धरू नकोस. पाच मैल बाजूला धर. महामार्ग आला की वळ आणि त्याच्यावरून ये.

भाची : पश्चिमेला धरते. साकोलीकडे. गाव मोठं आहे, ओळखू येतं.

मामाजी : पूर्वेला धर.

भाची : पूर्वेला जंगल आहे. इंजिन बंद पडलं तर उतरू कुठे? आणि कोहमाऱ्याला गोंदियाचा रस्ता येऊन मिळतो, त्या तिठ्यालाच मी सौंदडची फुली समजून बसेन.

मामाजी : रूळ आणि रस्ता ओळखू येत नाही तुला? रुळाचं वळण लांबलचक असतं, रस्ता कोपऱ्यावर मोडतो. रस्त्याला घरं चिकटतात, रुळाला नाही. जंगलाचं तू म्हणतेस ते खरं, उंची जास्त ठेव. पण नकाशा बघ. गोंदियाहून येणारा रूळ तुझ्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे?

भाची : पश्चिमेला. सौंदडला येऊन मिळतो.

मामाजी : मग पश्चिमेला भरकटलीस तर काय होईल?

भाची : महामार्गाच्या आधी रूळ ओलांडावा लागेल.

मामाजी : आणि ओलांडला नाहीस तर?

भाची : तर मी पूर्वेलाच आहे. उजवीकडे वळायचं.

मामाजी : न दिसलेली गोष्टसुद्धा खूण असते. फक्त आधी ठरवून ठेवावं लागतं की ती कुठे दिसायला हवी होती.

भाचीने रेघ खोडली आणि नवी काढली, पाच मैल पूर्वेकडे सरकवून. मग पट्टी लावून कोन मोजला, एकदा, दोनदा.

भाची : १९६ येतं. वारा धरून २०६. पण धुक्यात रूळ ओलांडला आणि मला दिसलाच नाही, तर?

मामाजी : किती मिनिटं रूळ दिसायला हवा होता आणि किती मिनिटं खाली जमीन दिसत नव्हती, दोन्ही लिहिलंस का?

भाची : नाही.

मामाजी : मग तेही लिही. त्या मिनिटांत वर्तुळ दोन्ही बाजूंना पसरलं असं धर. आणि एवढं धुकं असेल तर विद्यार्थिनीला बिरसीहून सोडणारच कोण? त्या दिवशी एसटीने ये.